खाणीवरचा ताड

२० नोव्हें., रविवार. चांदा
वही दसऱ्याला घेतली, दिवाळी उलटून गेली. पहिल्या पानावर नाव, गोविंदा, आणि खाली एक मोर. मोराचे पाय जमले नाहीत म्हणून पुढचं लिहिणं राहिलं. रोज म्हणतो, उद्या. सातवीतही असंच उद्या-उद्या केलं आणि नापास झालो.

आज लिहितो, कारण डोकंच चालत नाही. मोठ्या खाणीचे ते बास्केटबॉलवाले, ज्यांचा खेळ पाहायला मी दर रविवारी दोन कोस चालत जातो, त्यांना खेळायचा पगार मिळतो. पगार! हजेरीबुकात नाव पंपखलाशी, राहायला क्वार्टर, आणि पंपाला कधी हातही लावलेला नाही. खाणीचा साहेब शौकीन, कुठून कुठून उंच माणसं शोधून आणतो. हे सत्तारभाईंनी सांगितलं. जटपुरा गेटाजवळ त्यांचं सायकलचं दुकान. आठवडाभर पंक्चर काढतो म्हणून आलो, तिसरा महिना चालू आहे. (यापुढे स.भा. लिहीन, हात दुखतो.)

"चेंडू जाळीत टाकायचे पैसे?"
"तो क्या धान काट के आयेंगे खेलने? तू बी ना बे, गोविंदा."

आमच्या सावली गावाकडे हुतुतूत गुडघा फुटला तर माय वरून दोन देते.

२३ नोव्हें., बुधवार
स.भा.शी कडाक्याचा वाद. त्यांचा माणूस रायन्ना, सिरोंच्याकडचा. दारातून आत यायचं तर वाकावं लागतं इतका उंच. माझा माणूस शिवलाल, बुटका, पारा नुसता. रविवारी सगळे बास्केट शिवलालचे. रायन्ना खांबासारखा उभा, हातात चेंडू आला की लगेच दुसऱ्याला देऊन मोकळा.

"अरे वो देता है, इसीलिए शिवल्या डालता है. पूरा खेल देखा कर."

पूरा खेल पाहिला नव्हता हे खरं. वाटेत अस्वलवाला भेटला. अस्वल तंबाखू मागत होतं, हात जोडून! त्यात अर्धा सामना गेला. पण अर्ध्यातही दिसतं ते दिसतंच. मी म्हटलं, फुकटाचा पगार खातो तुमचा रायन्ना. स.भा.नी टायरची पट्टी फेकून मारली. लागली.

२७ नोव्हें., रविवार. आत्याचं गाव
मंडई. दिवाळीनंतरची आमच्याकडची जत्रा. आत्याने निरोप धाडला, न येऊन चालते काय. खाणीवर निम्मे लोक आमच्याच भागातले, तेही सुट्टी टाकून आलेले.

दुपारी डोमाजीभाऊंची खडी गंमत, मांडवात उभ्याने नाचगाणं आणि नकला. डोमाजीभाऊ म्हणजे गंमतीचे मुख्य, डफ गळ्यात, मिशा कोळशाने काढलेल्या. दरसाल कोणाची तरी फिरकी घेतात. यंदा कोणी गावेना. मला म्हणाले, "काऊन रे, तू चांद्याले राह्यते, काही नवं आण ना बाप्पा." मी तिथेच, भजी खाता खाता, जुळवून दिलं:

खाणीवरती ताड वाढला, मान वर करून पाहा हो पाहा
ताडी नाही, गोळा नाही, पगार मात्र वाहा हो वाहा!

आईशपथ, असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. तीनदा म्हणायला लावलं. एक म्हातारबा हसता हसता चिवड्याच्या टोपल्यात बसले. मी बाजूला उभा. माझे शब्द! सातवी नापासाचे!

आत्या म्हणे, "कोनाचं गानं व्हय थे?" मी सांगितलं नाही. काऊन नाही सांगितलं?

४ डिसें., रविवार. चांदा
उद्यावर टाकत नाही, आजच लिहितो.

आज कपाचा सामना, धाकट्या खाणीशी. रायन्नाकडे पहिल्यांदा चेंडू आला आणि मागच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "ताडी नाही!" आणि सगळ्या मैदानाने, सगळ्या, "गोळा नाही!" माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा आला, खोटं कशाला लिहू.

रायन्नाने हात वर केला. त्याला वाटलं, शाबासकी देऊन राह्यले. मराठी त्याला येत नाही, घरी तेलुगू, बाहेर मोडकं हिंदी. मग शिवलालने टाचा उंचावून त्याच्या कानात काही सांगितलं. हात तसाच वर राहिला. मग त्याने तो खाली आणला, दुसऱ्याचा हात उचलून ठेवावा तसा.

शेवटी फाऊल मिळाला. एकट्याने उभं राहून दोनदा टाकायचं, दोन्ही गेले असते तर बरोबरी. रायन्नाच उभा. आणि सगळं मैदान तालात, टाळ्यांवर, माझं गाणं. साहेबाच्या खुर्चीमागचे बाबू लोकसुद्धा. पहिला चेंडू कडीला लागला. दुसरा कडीपर्यंतही गेला नाही.

स.भा. गेटापाशी म्हणाले, "जिसने ये बनाया ना, उसने पूरा खेल नहीं देखा कभी."
मी म्हटलं, "हो ना."

५ डिसें., सोमवार
रायन्नाचं नाव पंपखलाशातून काढलं. साहेब म्हणाला म्हणे, ज्याच्यावर माझेच मजूर हसतात तो माझ्या संघात नको. खाणीत उतर, आणि महिनाअखेर क्वार्टरही सोड. बायको आहे, कडेवर पोर आहे. तो उतरला.

असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. गंमत होती. मंडईत सगळ्यांवरच करतात, पाटलावरसुद्धा! पाटलाची पाटीलकी जाते काय?

८ डिसें., गुरुवार
खाणीवर गेलो. आज वाटेत कुठे थांबलो नाही. पाळी सुटली, माणसं वर आली. एकेक सरळ होत होता, पाठ मागे टाकत होता. रायन्ना सरळ झालाच नाही. कपाळावर एकावर एक तीन जखमा. कोळशाच्या ज्या थरात त्याला लावलंय तिथे माझ्या उंचीचा माणूसही मान वाकवून चालतो.

म्हणजे उंच म्हणून आणला, आणि उंच म्हणून...

नळावर त्याची बायको, मल्लम्मा. विचारलं, कसे आहेत. मला ओळखत नाही, तरी बोलली. "बैठ के खाता, लेट के सोता. खड़ा नहीं होता अब्बी." घागर भरली होती, पाणी वाहत होतं, तिचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

११ डिसें., रविवार
रायन्नाशिवाय सामना. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, लघवीलाही उठलो नाही. शिवलालचा एकही बास्केट नाही. एकही! चेंडू मिळाला की त्याच्यावर दोघं, आधी ते दोघं रायन्नाला धरून असायचे. माझं मतही चुकीचं होतं. नुसतं दुष्ट नव्हतं, चुकीचंसुद्धा.

लोक, तेच लोक, ओरडत होते, "ताड कुठी गेला बे?"

दुकानात आल्यावर स.भा.ना सांगून टाकलं. ते ट्यूबला पॅच घासत होते, घासतच राहिले. वाटलं, पाना फेकतील. नाही फेकला. "पंप रख. हाथ धो. मेरे को नहीं, उसको जा के बोल."
"साहेब ऐकेल काय माझं?"
"साहब को नहीं बे, रायन्ना को."
हिंमत झाली नाही. म्हटलं, आधी डोमाजीभाऊंकडे जातो, गाणं परत घेतो. गाणं थांबलं की साहेबही त्याला परत घेईल. स.भा. म्हणाले, "बंदूक की गोली है क्या, जेब में रखेगा?" तरी निघालो. कुठल्या कुठल्या मंडईला जाणार ते सांगून ठेवलं.

१४ डिसें., बुधवार. सावलीजवळ
डोमाजीभाऊ म्हणे, "गानं परत नाई घेता येत, बाबू. ज्याच्यावर बांधलं त्यानं जबाब द्यायचा असते. थो आपला रिवाज."
त्याला मराठी येत नाही म्हटलं. "मंग तू लिही त्याच्या तर्फे."

दोन दिवस लिहिलं. चांगलं लिहिलं, त्या दिवशीच्यापेक्षा चांगलं. ताड उभा म्हणून बाकीच्यांना वाट दिसते, असं काहीतरी. आज म्हटलं त्यांनी. कोणी हसलं नाही. पुढचा माणूस उठून शेंगा घ्यायला गेला. आणि मागून आवाज, "अगा डोमाजी, थे ताडीवालं म्हन ना!"

आणि डोमाजीभाऊंनी म्हटलं. म्हणावंच लागलं.

शिवी आठवड्याच्या आत खाणीवर पोचली. स्तुती मांडवाबाहेर गेली नाही.

१८ डिसें., रविवार. कुरखेडा
सकाळपासून इथे. धानाच्या पेंढीवर बसून लिहितो आहे. डोमाजीभाऊ जबाब म्हणायला राजी नाहीत, लोक उठून जातात म्हणे. मी हात जोडले तेव्हा म्हणाले, "एकडाव. शेवटचं." महिना संपायला तेरा दिवस. मग क्वार्टर नाही. आज संध्याकाळी चांद्याची मोटार धरून रायन्नासमोर उभं राहायचं असं ठरवलं आहे. सकाळीही ठरवलं होतं.

मोटार आली. लोक उतरून राह्यले. एक बाई, कडेवर पोर, एकटीच, इकडे तिकडे पाहते आहे...

मल्लम्मा. रायन्नाची मल्लम्मा! स.भा.नीच पत्ता दिला असणार, जबाबाचा रिवाज खाणीवरच्या आमच्या भागातल्या लोकांनी. सरळ मांडवात गेली. डफ थांबला. म्हणते आहे, "जबाब मैं देगी. पर पहले वो बताओ, गाना किसने बनाया."

डोमाजीभाऊ मिशी पुसून राह्यले. अजून कोणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही.