तो माइक दुकानात नेऊ नका

हेरिमचे बाबा,

मी गुनसानला ताईकडे हिवाळ्याची किमची, कोबीचं ते तिखट लोणचं, घालायला निघाले. आपल्या घरी यंदा हाताखाली आहे कोण? सूप पातेल्यात आहे. गरम करून घ्या, थंडच पिऊन मग पोट धरून बसू नका.

आणि कॉम्प्युटरचा तो माइक दुरुस्तीला दुकानात नेऊ नका. सकाळी मी ब्राउझरमध्ये माइक तपासायचं पान उघडलं. परवानगी दिलेली आहे, माइकही बरोबर निवडलेला आहे, बोललं की हिरवी पट्टी नाचते. काय बोलावं सुचेना, म्हणून तुमचंच वाक्य म्हटलं, "हेरिम, किमची घालायला येशील ना गं घरी?" रेकॉर्डिंग ऐकलं, तर मागे भाताच्या कुकरची वाफसुद्धा स्पष्ट ऐकू आली.

जरा आठवून बघा. रविवारी सोलहून तिचा कॉल येतो, तेव्हा जेवलात का, औषध घेतलंत का विचारते, आणि तुमची उत्तरं तिला नीट ऐकू येतात. तुम्ही किमचीला येशील का एवढं विचारलं, की लगेच "बाबा, आवाज येत नाहीये" म्हणते आणि ठेवून देते.

या रविवारी तिने विचारलं, तर माइक अजून बिघडलेलाच आहे म्हणा. दुरुस्त झाला म्हणालात, तर ती कॉलसुद्धा करायची नाही.