केयूरच्या फोनवरचा ओटीपी

सोमवार, ३ नोव्हेंबर

गुडघा बदलावाच लागणार! हॉस्पिटलातली आरोग्यमित्र रोशनी म्हणाली, "काहून घाबरून राहिल्या आजी? सरकारी योजनेत होऊन जाते न!"

योजना दोन. फुले योजना रेशनकार्डावर, सगळ्या कुटुंबाला मिळून. वय वंदना सत्तरीनंतर, नुसत्या आधारवर — पण ज्याची त्याला. मी म्हटलं, मले कुटुंबाचीच दे. तिनं रेशनकार्ड मागितलं. आनंदराव, मी, मुलगा केयूर. आनंदराव जाऊन दोन वर्षं झाली, केयूर बंगळुरूला. कुटुंब म्हणे!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रोशनी म्हणते, आधी आजोबांचं नाव कमी करून आणा. नाही करवत. मग राहिली एकटीपुरती योजना.

पण तिथलं अंगठ्याचं मशीन बिघडलेलं, म्हणून ओटीपी हवा. आधारला नंबर केयूरचा, ओटीपी त्याच्याकडे जातो. तिथूनच फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे आई, थांब." त्यानं आकडे सांगेपर्यंत मुदत संपली. पण "जेवलीस का?" विचारलं! त्याचे बाबा गेल्यापासून आम्हा दोघांना बोलायला विषयच सापडत नाही. ते फोन लावायचे, मी मागून बोलायची.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज त्यानं आकडे लगेच सांगितले. मीच त्याच्या आवडीच्या सांबारवडीचा, कोथिंबिरीच्या वडीचा, विषय काढला. बोलण्यात ओटीपी गेला. रोशनीनं कपाळाला हात लावला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लिहायला लाज वाटते. आज रोशनीला मुद्दाम चुकीचे आकडे सांगितले. परत मागावा लागला, परत त्याचा आवाज ऐकला. गुडघा ठणकतोय. ठणकू दे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अंगठ्याचं मशीन दुरुस्त होऊन आलं. रोशनीनं माझा अंगठा त्यावर दाबला. "घ्या, झालं! आता ओटीपी नाही लागत."

कार्ड हातात आलं. फुकट ऑपरेशन, आणि मला रडू फुटलं. तिला वाटलं, आनंदानं.

ऑपरेशन सोमवारी, २४ला. "संगं कोण राहीन, आजी?" येईल कोणी, म्हटलं. शेजारच्या गोपिकाला विचारायचं आहे. केयूरला कळवलं नाही. तो नाही म्हणाला, तर ते ऐकायची माझी तयारी नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

गोपिका लग्नाला वर्ध्याला जाणार आहे. फोन दोनदा हातात घेतला. काय सांगून लावू?

बुधवार, १९ नोव्हेंबर

केयूरचा फोन — आपणहून! "आई, ओटीपी नाही मागितलास इतक्या दिवसांत?" कार्ड मिळालं, म्हटलं. मग मीच धीर करून म्हटलं, सोमवारी ऑपरेशन आहे, ये.

"येतो," म्हणाला. आणि मग, हळूच — "त्या पहिल्या दिवशी मीटिंग नव्हतीच गं. म्हटलं, मुदत संपली की तू परत फोन करशील."