लाइन झाली की जाईन

दादा,

आई गेली. तुमच्यापर्यंत ही बातमी कशी पोचते ते मला ठाऊक नाही, पण सांगायचं काम आता तुमच्या लेकीकडे आलं आहे, म्हणून सांगते. कार्य उरकलं. धाकटा आणि त्याची बायको ठाण्याला आपल्या घरी परत गेले. आईची गादी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकली आहे, आणि कित्येक महिन्यांनी या खोलीत मला भरदुपारी काही काम नाही. औषधं द्यायची नाहीत, कूस बदलायची नाही. खाली डंकावर कोणाची तरी मिरची कुटायला आली आहे, तिचा ठसका वर येतो आहे, आणि मी शिंकत शिंकत लिहिते आहे.

तुम्ही असता तर पहिला प्रश्न काय विचारला असता ते मला माहीत आहे. ती कशी गेली, त्रास झाला का, हे नंतर. आधी विचारलं असतंत, "निरोप घेवन कोण गेलो?" आपल्या गावच्या मंडळाचा नियमच तो. मुंबईत गावचं कोणी गेलं की घरटी एक माणूस मयताला आलाच पाहिजे, आणि त्याला सांगायला माणूसच गेला पाहिजे. निरोप आणणारा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही, पाणी घेत नाही, सांगतो आणि पुढच्या घरी जातो. हे काम वर्षानुवर्षं तुम्ही केलंत. लालबाग, परळ, कॉटन ग्रीनच्या चाळी, सगळीकडचे जिने तुमच्या पायाखालचे. आई चिडवायची, की तुम्ही लग्नाची पत्रिका घेऊन गेलात तरी त्या घरात आधी रडारड सुरू होते. आपल्या घरी फोन बसला तेव्हा मी म्हटलं, दादा, आता सुटलात, बसल्या जागी सांगा. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी काहीतरी अमंगळ बोलले. "माणूस गेलो, तर माणसानच जावन सांगूक व्हया," म्हणालात. "तारेवरसून काय सांगतंस?" मंडळातल्या तरुण पोरांनाही तुम्ही हेच शिकवलंत, आणि आपल्या शेजारच्या खोलीतल्या काकांच्या मुलाने ते सगळ्यात नीट ऐकलं.

काका तुमच्या गावचे, तुमच्याच खात्यात मागावर उभे राहणारे. तुमच्या दोघांच्या पाळ्या एक, सुट्टी एक, तंबाखूची चंची एक. आई आणि काकी वर्षाचा मसाला एकत्र करायच्या, आणि त्यातला कोणाचा किती हे दोघींना कधी सांगता आलं नाही. गिरणी बंद पडल्यावर तुम्ही डंकावर कामाला लागलात, काकांनी मात्र खोली विकली आणि लांब जाऊन ब्लॉक घेतला. आपली गाडी जिथे संपायची त्या स्टेशनच्याही पुढे, नदी ओलांडून. बिल्डरच्या फलकावर इमारतीच्या शेजारी आगगाडीचं चित्र काढलेलं होतं. स्टेशन येणार, लाइन पुढे जाणार, सगळे सांगत होते. खरी गाडी अलीकडच्या स्टेशनातूनच परत फिरायची, आणि पुढे टेम्पो मिळाला तर टेम्पो, नाहीतर पायपीट. काका जाताना म्हणाले, "लाइन होऊ दे रे, मग रोज चायक येतंय तुझ्याकडे." तुम्ही हसलात. त्यांचं सामान घेऊन ट्रक कोपऱ्यावर वळला, तरी तुम्ही बराच वेळ गॅलरीतच उभे होतात.

त्या दिवशीचं मला अजून दिसतं. मी कॉलेजला निघते आहे, आई डबा भरते आहे, आणि दारात काकांचा मुलगा उभा आहे. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, शर्ट अंगाला चिकटलेला. आई म्हणते, अरे आत ये. तो येत नाही. तेवढ्यावरून तुम्हाला कळतं. तो म्हणतो, "बाबा गेले, काका. पहाटे." तुम्ही भिंतीला हात लावता, आणि पहिल्यांदा विचारता, "फोन कित्याक नाय केलंस रे?" तो खाली मान घालून म्हणतो, "तुम्हीच सांगितलेलं ना." पहाटे तिकडे टेम्पो नसतो, म्हणून तो नदीपलीकडून स्टेशनापर्यंत चालत आला होता. बोलून झालं आणि तो पाणीही न घेता परत फिरला.

दादा, तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर निघायला हवं होतं. आई म्हणालीही, "तुम्ही आधी पुढे व्हा, बाकीच्यांना मी कोणाकडून तरी कळवते." तुम्ही ऐकलं नाहीत. घरटी एक माणूस. इतक्या लोकांना तुम्ही खांदेकरी मिळवून दिलेत, मग आपल्या दोस्ताला चार उपऱ्यांच्या खांद्यावरून कसं जाऊ द्यायचं? छत्री घेतलीत आणि घरोघर गेलात. कोणी पाळीवर होता, त्याची वाट पाहिलीत. कोणी बाजारात होता, त्याला शोधून आणलंत. सगळे जमले, गाडीत बसले, उतरले, टेम्पोसाठी नदीकाठी थांबले, शेवटी चालले, आणि तुम्ही माणसं घेऊन तिथे पोचलात तेव्हा चिता विझत आली होती. हे सगळं मला पुढे आईने सांगितलं. तुम्ही लांबूनच हात जोडलेत, काकीच्या दारापर्यंत गेला नाहीत, आणि आलात तसे परत फिरलात. घरी आलात तेव्हा तुम्ही आंघोळ केलीत आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात. आई जेवायला उठवायला गेली तर म्हणालात, "तिका काय तोंड दाखवू?"

दहाव्याला तुम्ही गेला नाहीत. बाराव्याला आईने नवी साडी नेसून पिशवी भरून ठेवली होती, तुम्ही म्हणालात अंगात ताप आहे. मग वर्षश्राद्ध आलं, मग काकीच्या मुलाचं लग्न, मग तिच्या नातवाचं बारसं. प्रत्येक वेळी तुमचं एकच. "लाइन झाली की जाईन. आता चालवत नाय इतक्या लांब." डंकावरची अवजड पोती खांद्यावर घेऊन जिने चढणारा माणूस हे सांगत होता. आईने एकटीने जावं तर, घरातला पुरुष गेला नाही आणि बाई कशी जाणार, हे तिच्याच डोक्यात पक्कं. ती रविवारी काकीला फोन करायची, आणि तेवढा वेळ तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहायचात.

आणि लाइनची चौकशी तर विचारू नका. खालच्या मजल्यावरचे रेल्वेच्या वर्कशॉपात होते, त्यांना तुम्ही जिन्यात गाठायचात. "काय हो, कुठवर इली?" ते बिचारे डबे दुरुस्त करणारे, त्यांना काय माहीत? पण तुमचं समाधान व्हावं म्हणून सांगायचे, मोजणी झाली, दगड पुरले, कोणाची तरी जमीन अडली आहे, पुलाचं काम निघालं आहे. तिकडे इमारती उठतच होत्या. आपल्या चाळीतलं घर मागून घर तिकडे गेलं, मंडळाची सभा भरली की निम्मे लोक शेवटची गाडी चुकेल म्हणून प्रसाद हातात घेऊनच उठायचे. नदीत पुलाचे खांब उभे राहिले आणि त्यावर पूल यायच्या आत तुम्ही गेलात. काकी तेव्हा पाय मोडून प्लास्टरमध्ये होती. तिचा मुलगा एकटा आला, तुम्हाला खांदा दिला, आणि उंबऱ्याबाहेरूनच परत गेला.

लाइन सुरू झाली तेव्हा आईने अंथरूण धरलं होतं. मी तिला मोबाइलवर दाखवलं, फुलांच्या माळा घातलेली गाडी, पेढे वाटणारी माणसं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या दादांची सबब गेली बघ." आणि एवढी हसली की तिला खोकला लागला. मी म्हटलं, बरी हो, आपण दोघी जाऊ. ती म्हणाली, "मी आता काय जाते? पण एक कर. माझं झालं की तिला फोन करू नकोस. तू स्वतः जा आणि तिला घेऊन ये. तिने मला बघितल्याशिवाय उचलू नका." एवढीच तिची मागणी. आयुष्यात तिने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून ही मला फार मोठी वाटली.

ती सकाळी गेली, दूध तापायच्या वेळी. धाकटा लगेच आला. मी साडी बदलून पायात चपला घालत होते तर म्हणाला, "ताई, कुठे निघालीस तू?" सांगितलं. "अगं, व्हिडिओ कॉल लावतो ना. बघेल ती."

"आईचं तोंड बघायला मोबाइल?"

"तसं नाही गं. पण किती वेळ थांबवणार? लोक खोळंबलेत. आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय मी, येतील सगळे."

"तू बर्फ मागव," मी म्हटलं. "मी घेऊन येते तिला. त्याआधी कोणी हात लावायचा नाही." माझा आवाज तुमच्यासारखा निघाला असावा, कारण तो बर्फवाल्याला फोन लावायला लागला.

करी रोडला गाडी धरली, दादरला बदलली. उलट्या दिशेला त्या वेळी माणसं नसतात, खिडकीत बसायला मिळालं. मनात सारखी धास्ती होती, की काकीला जमलं नाही तर? ती यायला नाही म्हणाली तर? काकी माझ्याशी फोनवर गोड बोलायची, पण तुमचं नाव मी तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं, आणि तुम्ही म्हणायचात तसं तिच्या मनात काही असेलच, हे मीही धरून चालले होते. जुनं शेवटचं स्टेशन आलं, गाडी थांबली आणि तशीच पुढे निघाली. ज्या पुलाची तुम्ही जिन्यात चौकशी करत राहिलात, तो माझा चष्मा पुसून होईपर्यंत मागे पडला. स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या होत्या.

मुलगा आणि सून कामावर गेले होते, दार काकीनेच उघडलं. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली. "इलंस गो बाय? ये, आत ये." मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गेली?" मी मान हलवली. ती रडली नाही. साडी बदलून आली, शेजारणीकडे किल्ली दिली, माझा दंड धरला आणि म्हणाली, "चल, थांबलली असतली ती."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. पूल आला तेव्हा मीच बोलले. म्हटलं, काकी, दादांचं राहून गेलं हो. शेवटपर्यंत म्हणायचे, तुम्हाला काय तोंड दाखवू. तिने माझ्याकडे वळून बघितलं. "काय तोंड म्हणजे? मी कधी दोष दिलंय काय त्येंका? अगो, पेटवा म्हणून मीच सांगितलंय. पावस भरान इलेलो. आणि माका म्हायत होतां, ते साऱ्या गावाक निरोप दिल्याशिवाय यायचे नाय. तुझ्या काकांकापण म्हायत असतला. दोस्त होतो ना ह्येंचो." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "बाराव्याक पान वाढून ठेवलंय. वर्षश्राद्धाक ठेवलंय. म्हाळाक दरवर्षी ठेवी. येतले, येतले म्हणून. मग संध्याकाळी ता पान गायीक."

मी विचारलं, आईला ठाऊक होतं हे? "ठाऊक म्हणजे! तिना कितीदा सांगितल्यान त्येंका. तर म्हणाले, माझा मन राखूक खोटा बोलतंस." मग ती म्हणाली, "आता म्हाळाक ह्येंची वाडी ठेवतंय गच्चीत, तिच्या बाजूक त्येंची पण ठेवतंय. तुझ्या बापाशीची पयली शिवता कावळो."

म्हणजे तुम्ही तिच्या घरी जेवता, दादा. जिवंतपणी एकदाही गेला नाहीत, आणि मेल्यावर दरवर्षी जाता.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धाकट्याने शब्द पाळला होता, आई होती तशीच होती. काकी तिच्याजवळ खाली बसली, तिच्या गालावर हात ठेवला, आणि मसाल्याला बोलावावं तशा आवाजात म्हणाली, "मी इलंय गो." सगळ्या बायका रडल्या. मला रडू आलं नाही. मंडळाचे फार थोडे आले. ज्यांच्या दारात आता स्टेशन आहे, त्यांनी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली होती. खांद्यासाठी शेजारच्या इमारतीतल्या पोरांना बोलवावं लागलं.

भोईवाड्याच्या स्मशानात मीही गेले. अग्नी दिला आणि मी अशी रडले की धाकटा घाबरला. कोणीतरी पाठीवरून हात फिरवत होतं, म्हणत होतं, आईची लाडकी होती हो, रडू दे तिला. हे पत्र काकीला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण आता नाही दाखवणार. तुम्हाला कोणी बोललेलं तिला चालायचं नाही. त्या रडण्यात आई फार थोडी होती, दादा. मला तुमचा राग आला होता. तुमची लाज तुम्ही सांभाळलीत आणि आईची मैत्रीण नुसती फोनवर ठेवलीत. तो राग अजून गेलेला नाही.