आधी तिले बोलू दे

नाना, हाताने फिरवलेल्या मोटारीचा तो आवाज अजून कानात आहे. चोपड्याच्या आपल्या दुकानात केळीच्या मळ्यांतून पाण्याच्या मोटारी यायच्या. नवी तार भरून झाली की तुम्ही लगेच वीज जोडत नव्हता. आधी तळहाताने दांडा फिरवायचा, मान कलती करायची, आणि ते सर्र... सर्र... मंद होत पूर्ण थांबेपर्यंत दुकानात कोणी बोलायचं नाही. एखादा शेतकरी घाई करू लागला, की तुम्ही नुसता हात वर करायचा. "आधी तिले बोलू दे. मंग आपन बोलूत." मग कुठे खुंटीवरचा बल्ब खाली यायचा, लाकडी होल्डर आणि दोन मोकळ्या तारा असलेला. तारा मोटारीला टेकवायच्या आणि बल्ब पेटतो की मंदावतो, त्यावरून निवाडा. मी कोपऱ्यात शाळेतल्या कविता मोठ्याने घोकत असायचो. "कविता म्हनीसन मोटार चालस का?" असं तुम्ही एकदा गिऱ्हाइकासमोर बोललात आणि मी दिवसभर तोंड मिटून बसलो. संध्याकाळी वार्निश लावलेली मोटार दिव्याखाली वाळत ठेवून तुम्हीच म्हणालात, "वार्निश वायस तवलग म्हन ना काहीतरी." माझ्या कवितांना मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं आमंत्रण. दारामागे चुलीजवळ तुमची थोरली लेक, अक्काही ऐकत असायची. तिची शाळा चौथीतच सुटली होती, पण माझ्या सगळ्या कविता तिलाच जास्त पाठ झाल्या.

आता मी जळगावात असतो. धुळ्याची नोकरी कधीच संपली, घरात एकटाच आहे. अक्का शहराबाहेरच्या गावात लेकाकडे राहते आणि तिला आता दिसत नाही. मी दुपारी विजेच्या स्कूटरवर तिच्याकडे जायचो. या गाडीला तुमच्या मोटारीसारखा घुमारा नाही, नुसती बारीक शीळ. पण ती शीळ गल्लीत शिरली की अक्का ओट्यावरून ओरडायची, "उना का? तुनी गाडी नही रे, डास शे डास!" मग आम्ही कविता म्हणायला बसायचो. नाना, मला हल्ली पहिली ओळ आठवते आणि दुसरी निसटते. दुसरी ती सांगते. तिला पहिली सापडत नाही. असं दोघांत मिळून कडवं पुरं होतं. दुसऱ्या कोणाबरोबर ते होणार नाही. एस.टी.ची पायरी माझ्या गुडघ्यांना चढवत नाही, आणि मुलाने पुण्याहून आधीच बजावलं आहे, "आप्पा, गाडी चालतेय तोवर तिथे राहा. बंद पडली की इकडे यायचं." म्हणजे गाडी गेली की अक्का गेली.

आणि गाडी बंद पडली. सकाळी मी ती चांगली धुतली, दुपारी निघायला म्हणून मूठ पिळली. समोरचे दिवे नीट लागले, पण मागचं चाक हिवताप भरल्यासारखं थरथरलं आणि जागीच राहिलं. या गाडीत मोटार चाकातच असते. सीटखाली ॲल्युमिनियमची एक डबी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. तिच्यातला बोर्ड बॅटरीची वीज तीन जाड तारांतून आळीपाळीने चाकाला वाटतो. चाक कुठवर फिरलं, हे त्याला कळवायला काही बारीक तारा असतात. हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. तरी चाक थरथरताना पाहिलं आणि मला दुकान आठवलं, नाना. वाटलं, तार जळाली असणार. माळ्यावरून तुमचा बल्ब काढला, पुसला, पिन भिंतीत खोचली आणि दोन्ही टोकं डबीतून येणाऱ्या जाड तारांना टेकवली. बल्ब लखकन पेटला. इतक्या वर्षांनी पेटला म्हणून मी लहान मुलासारखा हसलो. तेवढ्यात डबीत टक्‌ झालं आणि जळका वास आला.

मग मी चाक हाताने फिरवलं. मग, नाना! ते अडखळत, ढकलल्यासारखं फिरत होतं. तिन्ही जाड तारा डबीपासून सोडवल्या तर एकदम मोकळं झालं. म्हणजे मोटार निर्दोष, बोर्ड गेलेला. डबी उघडली तर आतल्या एका काळ्या चिपेला भोक पडलं होतं. घरातली वीज त्या नाजूक बोर्डाला कशी सोसणार? खरं दुखणं नंतर दिसलं. बारीक तारांच्या जोडात पाणी गेलं होतं आणि एक पिन हिरवी पडली होती. ती सुईने खरवडली असती तरी भागलं असतं. कारागिराने बोर्ड उजेडात धरला आणि मान हलवली. "काका, हे मॉडेल बंद झालंय. असा बोर्ड आता मिळत नाही." तुमचा बल्ब मी जपून ठेवला, नाना. त्याच्या आधीचा तुमचा तळहात तेवढा विसरलो.

मुलाला सांगितलं, गाडी म्हातारी झाली होती. तो शनिवारी न्यायला येतोय. अक्काला फोनवर म्हटलं, खोकला झालाय, बरा झाला की येतो. पुण्याचं सांगायला तोंड उघडलं नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही. दुमडून तुमच्या होल्डरपाशी ठेवीन. एवढंच कबूल करायचं होतं, की मला खोकला नाही.

फाटकाशी रिक्षा थांबली आहे. या वेळी माझ्याकडे कोणी येत नाही. खिडकीतून पाहतो तर रिक्षावाल्याच्या दंडाला धरून अक्का उतरते आहे, काखेत अडुळशाच्या हिरव्या पाल्याचं गाठोडं. "ओ भाऊ! अडुयसाना पाला आनेल शे तुले. दार उघड ना!" फाटकातून चाचपडत आत आली, आणि तिचा हात पडवीत स्टँडवर उभ्या गाडीच्या मागच्या चाकावर पडला. तिने तळहाताने ते चाक फिरवलं.

सर्र... सर्र...

रिक्षावाला काही विचारायला गेला तर तिने हात वर केला. मान कलती करून उभी आहे, चाक थांबायची वाट पाहत. नाना, तोवर मलाही उठवत नाही.