फ्रीशिपच्या फारमावरचा अंगठा

बाबा, तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. अमरावतीच्या वसतिगृहातून मी पत्रं पाठवायचो ती ताईच्या नावानं, कारण घरात वाचणारी तीच होती. शेवटी तुमच्यासाठी एक ओळ असायची, बाबांना नमस्कार. चार यत्ता शिकलेली ताई ती ओळ मोठ्यानं वाचायची आणि तुम्ही म्हणायचात, "माहा बी सांग त्याले." म्हणजे माझं जे काही तुमच्यापर्यंत पोचलं ते कायम दुसऱ्याच्या तोंडून. आज पहिल्यांदा सरळ तुमच्याशी बोलतो आहे, आणि तेही अशा गोष्टीविषयी, जी फक्त आपल्या दोघांना ठाऊक होती आणि जिच्याबद्दल तुम्ही जाईपर्यंत आपण पुन्हा शब्द काढला नाही.

तो साठ सालचा जुलै. महाराष्ट्र होऊन तीन महिने झाले नव्हते आणि मला कॉलेजात जाऊन पंधरा दिवस झाले होते. ऑफिसाबाहेर नोटीस लागली की राज्यात राहणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची फी सरकार भरणार. फारम भरायचं, त्याला रहिवासी दाखला जोडायचा, आणि खाली पालकाची सही किंवा अंगठा. आम्ही पोरं त्याला फ्रीशिप म्हणायचो. ती मिळाली नाही तर मी अकोटला परतणार आणि कापसाच्या जिनिंगमध्ये तुमच्या शेजारी उभा राहणार, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

दाखल्यासाठी तुम्ही तहसिलीत तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेची गंमत ताईनं पत्रात लिहिली होती. तिथल्या बाबूनं विचारलं, या राज्यात किती वर्षांपासून राहता? तुम्ही म्हणालात, "साहेब, राज्य तीन महिन्याचं, मी पन्नास वर्षांचा. आंदी मध्यप्रदेश होता, मंग मुंबई झाली, आता हे. मी तं त्याच घरात आहो. कोण कोणाचा रहिवासी ते तुमीच लेहा." बाबू हसला, आणि तरी त्यानं तुम्हाला आणखी दोनदा यायला लावलं. शेवटी दाखला मिळाला. सोबत एक प्रतिज्ञालेख होता, त्याच्या तळाशी तुमचा अंगठा, रुंद आणि ठसठशीत. पाकिटात ताईच्या हातची चिठ्ठी होती: बाबा म्हणतात, फारमाच्या कामाले मी सोता येतो सोमवारी, तोवर फारम देऊ नको.

मी शुक्रवारी दिलं. ऑफिसच्या शिपायाकडे शाईची गादी मागितली. "बुढा आला का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "बाहेर उभे आहेत." खांबाच्या आड गेलो, फारम गुडघ्यावर धरलं आणि पालकाच्या जागी माझा डाव्या हाताचा अंगठा उठवला. नुसती तुमच्या नावाची सही ठोकणं सोपं होतं, पण मागे जोडलेल्या प्रतिज्ञालेखावर तुमचा अंगठा होता, मग फारमावर सही कशी चालेल? म्हणून अंगठाच. गादी परत केली, फारम खिडकीत दिलं आणि तासाला जाऊन बसलो. बोटं धुतली होती तरी वहीच्या कोपऱ्याला निळं लागलं.

सोमवारी मी तुम्हाला एस.टी. स्टँडवरच गाठलं. अकोल्याला गाडी बदलून तुम्ही दुपारी उतरलात. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आणि सदऱ्याच्या खिशाला ताईचा पेन लावलेला. तो पेन पाहून मला वाटलं, शहरात यायचं म्हणून बाबांनी मिरवायला लावला आहे, आणि माझे कान तापले.

"काहून रे, अथीच थांबला? मी येतच होतो ना तुह्या होस्टेलवर."

"काम झालं बाबा. तारीख शुक्रवारीच होती."

"मंग माह्या नावाचं काय केलं?"

"लागलं नाही. दाखल्याच्या कागदावर अंगठा आहे, तोच चालतो म्हणाले."

"चालते?" तुम्ही विचारलंत. "मंग बरंच झालं." हात खिशाकडे गेला, पेन सरळ केलात आणि म्हणालात, "एवढ्या दूर आलो तं तुही खोली तं पाहू दे."

मी म्हणालो, "आत सोडत नाहीत कोणाला."

तुम्ही मला ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा बांधलेलं फडकं दिलंत. स्टँडवरच्या बाकड्यावर आपण दोघं परतीच्या गाडीची वाट पाहत बसलो. वसतिगृहात त्या वेळी अर्ध्या पोरांचे बाप खोल्यांमधून बसलेले होते, कोणी गादी घेऊन आलेला, कोणी तुपाचा डबा. एका नांदगाव खंडेश्वरच्या मुलाचा बाप तर दोन दिवस मुक्कामाला होता आणि साऱ्या पोरांना ओरडत होता, "अबे, दिवा काहून जाळून राहिले दिवसा?" त्याला कोणीही अडवलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा कळलं. चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिलेलं होतं, पुसलेलं, पुन्हा लिहिलेलं, पार कमरेच्या उंचीपर्यंत. माय म्हणाली, "बुढा पागल झाला होता बाप्पा. भाकर थापू का याचे अक्षरं पाहू?" ताई हसायला लागली. तिनंच तुम्हाला शिकवलं होतं, उन्हाळाभर, जिनिंग बंद असताना. फ्रीशिपची बातमी यायच्या आधीपासून, कारण पोरगा कॉलेजात जाणार म्हणजे कुठे ना कुठे बापाची सही लागेल, एवढं तुम्ही धरून चालला होतात. तहसिलीत गेलात तेव्हा आडनाव अजून जमत नव्हतं, म्हणून तिथे अंगठा दिला. सोमवारपर्यंत जमलं. ताई म्हणाली, "काहून रे, बाबानं तुले सही दाखोली नाही?"

ती सही मी भिंतीवर पाहिली. वीस वर्षं तुम्ही जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींवर मार्का मारत होतात, पत्र्याच्या साच्यातून काळ्या रंगाचा कुंचला फिरवून. साच्यातल्या अक्षरांना मध्ये मध्ये फट असते, नाहीतर पत्रा तुटून पडेल. तुम्हाला वाटलं अक्षरं अशीच असतात. म्हणून तुमच्या सहीत प्रत्येक अक्षर दोन जागी तुटलेलं. ताईनं सांगून पाहिलं, तुम्ही म्हणालात, "एवढे दिवस बंबईले गाठी गेल्या, कोणी वापस नाही केल्या." मी भिंतीसमोर उभा होतो आणि माय म्हणत होती, जेवून घे. त्या दिवशी मी तुम्हाला सांगू शकलो असतो. तुम्ही बाहेर बाजेवर बसला होतात. मी जेवलो.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरण होतं. खोटे दाखले जोडल्याची कुजबुज झाली होती, म्हणून ऑफिसनं ठरवलं की पालकानं समक्ष यावं. तुम्ही आलात. खिडकीपुढे रांग होती. हेडक्लार्क वयस्क होता, चष्म्यावरून पाहायचा आणि थट्टा करायचा, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं फारम सरकवलं आणि गादी पुढे केली. तुम्ही गादी बाजूला सारलीत, पेन काढलात आणि सावकाश सही केली. रांगेतले लोक मान लांबवून पाहत होते. तुमच्या कपाळावर घाम होता. शेवटचं अक्षर संपल्यावर तुम्ही कागदावर फुंकर मारलीत.

"सही होय का छापा?" हेडक्लार्क म्हणाला. मग त्यानं मागच्या वर्षीची फाईल उघडली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? मागच्या फारमावर अंगठा, यंदा सही. खरं कोणतं समजू मी?" त्यानं फारम फिरवून तुमच्यापुढे धरलं. पालकाच्या जागी माझा अंगठा होता. त्याच्या खालून बाहेर आलेल्या प्रतिज्ञालेखाच्या तळाशी तुमचा. दोन्ही एकमेकांजवळ, आणि आंधळ्यालाही कळावं की एक दुसऱ्याच्या अर्धाही नाही.

तुम्ही ते पाहिलंत. माझ्याकडे पाहिलंत. मी खाली बघितलं. हेडक्लार्कनं दुसरं पान नीट पाहिलं असतं तर माझी फ्रीशिप गेली असती, आणि तिच्यासोबत कॉलेज. तुम्ही खरं सांगितलं असतं तरी तेच. तेवढ्या वेळात मागच्या माणसानं विचारलं, "काय झालं, गाडी सुटन ना माही."

"माहाच आहे साहेब," तुम्ही म्हणालात. "तवा लेहिता येत नव्हतं मले."

"म्हणजे पोरासंग बाप बी भरती झाला म्हणा कॉलेजात!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. "बरं, मग सहीखाली अंगठा बी लावून द्या. जुन्या कागदाशी मेळ राहील." आणि तुम्ही, जे एवढ्या लांबून सही करायला आला होतात, त्या सहीखाली मुकाट्यानं अंगठा लावलात. त्यानं तो पाहिलासुद्धा नाही. शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली.

बाहेर आल्यावर तुम्ही टोपी काढून अंगठ्याची शाई केसांना पुसलीत. मी "बाबा" म्हणालो. तुम्ही म्हणालात, "गाडी किती वाजता आहे?" स्टँडपर्यंत आपण पायीच गेलो. छप्पन साली तुम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलात तेव्हापासून घरात रोज पंचशील म्हटलं जायचं, आणि चौथं शील, खोटं न बोलण्याचं, तुम्ही इतकं कडक पाळायचात की दारात नको असलेला माणूस आला तरी "बाबा घरी नाहीत" असं आम्हाला कधी म्हणू दिलं नाही. गाडीत चढताना एक पाय पायरीवर ठेवून तुम्ही वळलात. आवाज चढलेला नव्हता. "चौथं आज मोडलं म्या. शिकशीन तं वाया नाही जाणार. पण मले पुन्हा मोडायले लावू नको." कंडक्टर ओरडला, "बुढेबा, अंदर व्हा ना!" आणि तुम्ही आत गेलात.

मी शिकलो. अकोल्यात नोकरी लागली, घर झालं, तुम्ही त्या घरी दोनदा राहूनही गेलात. तुमच्यानंतर मला चार लोकांपुढे बोलायचे प्रसंग आले, आणि प्रत्येक वेळी मी तुमच्या सहीची गोष्ट सांगितली. पन्नाशीतला कामगार, कोळसा, भिंत, तुटक अक्षरं. लोकांना ती फार आवडते. शेवटी टाळ्या पडतात. त्या गोष्टीत मागच्या वर्षीचं फारम नसतं. खिडकीपुढे तुम्ही सही करता आणि गोष्ट तिथेच संपते, तुमच्या अंगठ्याला शाई लागायच्या आधी. इतक्यांदा सांगितली की मलाही ती तेवढीच वाटू लागली होती.

आता जे त्या पायरीवर तुम्ही विचारलं नाहीत ते सांगतो. तारीख शुक्रवार नव्हती. पुढच्या बुधवारपर्यंत मुदत होती. तुम्ही सोमवारी आरामात पोचला असता. मी खोलीतल्या पोरांना सांगितलं होतं की माझे वडील जिनिंगमध्ये सुपरवायझर आहेत. तुम्ही खोलीवर आला असता, बोलला असता, खिडकीपुढे सगळ्यांसमोर अंगठा लावला असता, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही तिथे काय करायला येत होतात, हे मला माहीत नव्हतं एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल. पण माहीत असतं तर मी थांबलो असतो का, याचं उत्तर मी कितीदा तरी शोधलं आणि दरवेळी मला आवडेल तेच सापडलं, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. वाचून दाखवायचंच तर ताईला दाखवता येईल. ती अकोटलाच असते, नजर गेली आहे, डोकं शाबूत आहे. मागच्या महिन्यात गेलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली, "काहून रे, पयल्या वर्षीच्या फारमावर बी बाबाचीच सही होती ना? मीच पाठोलं होतं बुढ्याले, पेन देऊन. बाबानं कधी सांगतलंच नाही नीट." ती माझ्या तोंडाच्या दिशेनं बघत होती.

मी म्हणालो, "हो ताई." आणि तिच्या सुनेला चहा टाकायला सांगितलं.