पीत नाही म्हणे

उधना, मंगळवार, १२ डिसेंबर १९९५

मी सांगते, नात लिहिते. आज तिच्याच स्थळाचं सांगायचं आहे, म्हणून सुमन, हात आखडू नकोस.

मध्यस्थाने मुलाची चौकशी करून चिठ्ठी धाडली, तीही इंग्रजीत. मध्यस्थही खानदेशी, आम्हीही खानदेशी, मग इंग्रजी कशाला? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. सुमनने वाचलं, मुलगा दारू पीत नाही असं 'रिपोर्टेडली क्लेम्स'.

"म्हणजे काय गं?"

"आजी, क्लेम्स म्हणजे तो स्वतः तसं सांगतो. रिपोर्टेडली म्हणजे आपलं म्हणे. आमच्या इंग्रजीच्या बाई म्हणतात, दोन्ही एका जागी नको, एक पुरे."

म्हणजे, पीत नाही असं तो सांगतो म्हणे! या बाबाने मुलाच्या तोंडूनसुद्धा ऐकलेलं नाही. बाईंना एक पुरतं, याला दोन लागली. उद्या नातजावई गटारात सापडला तरी हा मोकळा.

थोरल्या लेकीच्या वेळी असाच एक 'म्हणे' मी गिळला होता. ती अजून नवऱ्याला अड्ड्यावरून उचलून आणते, आणि गावात म्हणे दारूबंदी.

तर, उद्या नकार कळवते. लिही. का थांबलीस?

"आजी, तो पीत नाही."

ऐका! ना म्हणे, ना वाटतं, ना ऐकलंय. बाईंनी शिकवलेलं सगळं गेलं कुठे?

"तुला गं काय ठाऊक?"

हिचे कान लाल. हेही लिही, सोडू नकोस. नकार राहू दे तूर्त. आधी हिची चौकशी करते, आणि ती मराठीत.