ओली गादी

अब्बा,

घरात आपण दखनी बोलायचो, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच सुचते. आज तुमची फार आठवण आली, तीही दवाखान्यात. धाकटा सात वर्षांचा झाला तरी अंथरूण ओलं करतो, म्हणून मी आणि नवरा त्याला दाखवायला घेऊन गेलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो मुद्दाम करत नाही. झोप गाढ आहे, लघवी आलेली कळत नाही. रागवू नका, कोणासमोर बोलू नका. पाणी दिवसा भरपूर द्या, झोपताना कमी. बहुतेकांचं वाढत्या वयात थांबतं." मी मान डोलवत होते आणि मला दिसत होता तुमच्या दुकानात उडणारा कापूस.

गादीवाल्याची मुलगी आणि गाद्या भिजवते. अम्मी वैतागून म्हणायची, "बाप शिवतो आणि लेक बुडवते." मग तो रमजान आला. पहाटे सेहरीच्या जेवणाला सगळ्यांबरोबर मलाही उठवलं जायचं, मी मोरीत जाऊन यायचे, आणि महिनाभर गादी कोरडी राहिली. अम्मीला वाटलं, दुआ कबूल झाली. तिने माझं मेणकापड देऊनसुद्धा टाकलं आणि ईदला मला बिबवेवाडीला फुफीकडे, तुमच्या थोरल्या बहिणीकडे, राहायला पाठवलं. आता पहाटे कोणी उठवणार नाही, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. फुफीने मला नव्या गादीवर झोपवलं. तिच्या मुलीच्या लग्नासाठी तुम्हीच शिवलेली गादी.

सकाळी तुम्ही न्यायला आलात तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी आहे. दिवाणखान्यात लग्नघरची माणसं. आता सगळ्यांना कळणार. तुम्ही गादीवर तळहात दाबता, माझ्याकडे बघतही नाही, आणि म्हणता, "आपा, कापूस ओलसर भरला गेला माझ्याकडून. परत नेतो."

"गाद्या शिवण्यात केस पिकले, आणि ओला कापूस भरलास?"

"केस पिकले म्हणूनच दिसत नाही आता."

चारचौघांत, स्वतःच्या हातच्या कामाबद्दल. पुढे त्या घरच्या गाद्या दुसरीकडून आल्या. तुम्ही सायकलवर गादी बांधलीत, मला दांडीवर बसवलंत आणि एवढंच म्हणालात, "कापूस आहे. वाळतो."

इतका जीव मला नंतर कोणी लावला नाही, अब्बा. तुमच्या हातांना येणारा कापसाचा वास मला अजून हवा असतो.

उठता उठता डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आईवडिलांपैकी कोणाला होतं का असं?" मी म्हणाले, "मला." नवरा बघतच राहिला. त्या म्हणाल्या, हे पुष्कळदा घराण्यातून येतं. अम्मीला नव्हतं, ते तिने मला हजारदा ऐकवलंय. मग राहिलात तुम्ही. तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि आता विचारायला तुम्ही नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. माझं नाक अम्मीचं, रंग अम्मीचा, राग तर सगळाच अम्मीचा. तुमचं माझ्यात काहीच नाही, असं सगळे म्हणायचे. आज लेकराला त्रास आहे, आणि दवाखान्यातून बाहेर पडताना मला आनंद झाला.